कर्नाळा किल्ला : नवी मुंबईतून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पाऊस ओसरून नवरात्र जवळ आलं की आमच्या खारघरच्या सोसायटीत कर्नाळ्याची चौकशी सुरू होते. गेली बरीच वर्षं मी दर हिवाळ्यात चार-पाच वेळा तरी गडावर जातो. कधी शेजारी सोबत असतात, कधी त्यांचे पाहुणे, कधी मुलांच्या शाळेतली टोळी. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवतोय. मधमाश्यांचं उत्तर लांबलंय. बाकीचं चाळलंत तरी चालेल, ते मात्र पूर्ण वाचा.

हायवेवरून अंगठ्यासारखा दिसतो तोच का कर्नाळा?

हो, तोच. पळस्पे फाट्याला गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात समोर डोंगरावर उभा केलेला अंगठा दिसतो. इंग्रज त्या डोंगराला ‘फनेल हिल’ म्हणायचे. उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा दिसतो म्हणून, आणि लांबून बघितलं तर ते पटतंही. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर. सह्याद्रीतल्या मोठ्या किल्ल्यांपुढे ही फार नाही, पण आजूबाजूचा मुलूख सखल आणि खाडीचा, त्यामुळे हा एकटाच नजरेत भरतो.

वर टेहळणीचा मनोरा आहे असं ऐकलं. त्यावर जाता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ‘नाही’ म्हटलं की लोक हिरमुसतात. मनोरा आहे, पण तो कुणी बांधलेला नाही. गडाच्या ऐन माथ्यावर बेसाल्टचा सुमारे १२५ फुटांचा सुळका उभा आहे. आपल्याकडच्या बारा मजली इमारतीएवढा धरा. तोच इथला मनोरा. जुन्या नोंदींत त्याला ‘पांडूचा मनोरा’ असंही नाव आहे, आणि टेहळणीसाठी त्याचा वापर होत असे. आज त्याला ना जिना आहे ना शिडी. दोर, साधनं आणि प्रस्तरारोहणाचं शिक्षण असलेली माणसंच तो चढतात, तीही सगळी तयारी करून. आपण सुळक्याच्या पायथ्यापर्यंत जायचं. दृश्य पाहायला तेवढं पुरतं, कारण पायथ्यालाच गडाचा माथा आहे आणि कडेकडेनं फिरलं की जवळजवळ सगळ्या दिशा मोकळ्या मिळतात.

पण इथून टेहळणी करायची तरी कशाची?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला समुद्र आणि पनवेलचं जुनं बंदर, पूर्वेला घाटावर चढणारी बोरघाटाची वाट. कोकणात उतरलेला माल देशावर न्यायचा तर ह्या पट्ट्यातून जावं लागे. ज्याच्या हाती कर्नाळा, त्याला ही वर्दळ दिसत राही. म्हणून एवढ्याशा किल्ल्यासाठी एवढी ओढाताण झाली. देवगिरीच्या यादवांपासून त्याचा इतिहास सांगितला जातो. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं तो गुजरातच्या सुलतानाकडून घेतला, मग वसईचे पोर्तुगीज मध्ये पडले आणि त्यांनी तो जिंकला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना जे २३ किल्ले दिले त्यात कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. तेव्हाचं वर्णन असं की मावळे पुढे सरकताना आडोशाचे मातीचे बांध घालत घालत वर चढले. तो चढ स्वतः चढून गेलात की त्या एका ओळीत किती दिवसांचे कष्ट भरलेत ते कळतं. १७४० च्या सुमारास गड पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर ह्यानं तो इंग्रजांसाठी घेतला.

दोन्ही दरवाजांपाशी शिलालेख आहेत. खालच्या दरवाजाच्या आतल्या बाजूचा मराठी आहे, त्यावर साल नाही. वरच्या बाजूचा फारसी आहे आणि त्यात सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे वर्ष आहे. बहुतेक जण धापा टाकत ह्यांच्या शेजारून निघून जातात. दोन मिनिटं थांबा. सकाळचं ऊन तिरकं पडलेलं असलं तर अक्षरं उठून दिसतात. खडूनं किंवा पाण्यानं ती ‘स्पष्ट’ करायला जाऊ नका, दगड त्यानंच झिजतो.

लोकलनं जायचं झालं तर?

हार्बरनं किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं पनवेल. तिथून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी. अंतर साधारण १२ किलोमीटर. लांब पल्ल्याच्या गाड्या गडाखालच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यापाशी थांबतीलच असं नाही, म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारायचं. चार जण असाल तर रिक्षा सोयीची पडते, पण परतीचं तेव्हाच ठरवून घ्या. स्वतःच्या गाडीनं खारघर-नेरूळहून रविवारी सहाला निघालात तर अगदी आरामात पोहोचता. साडेआठनंतर निघालेल्यांना पळस्पे फाटा काय असतो ते वेगळं सांगायला नको.

उतरल्यावर हायवे ओलांडायची वेळ आली तर मुलांचा हात धरा. गाड्या तिथे वेगात असतात.

तिकीट, वेळ, परवानगी?

किल्ला अभयारण्याच्या आत आहे, त्यामुळे वनखात्याच्या गेटवर नोंद करून शुल्क भरूनच आत जायचं. माणसाचं, गाडीचं आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगवेगळं असतं, दर गेटवरच्या फलकावर असतात. सुटे पैसे ठेवा. पिशव्या तपासतात आणि प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात. उतरताना बाटल्या दाखवल्या की ती परत मिळते. ह्या तपासणीवरून गेटवर वाद घालणारी माणसं मी पाहिलीत, आणि मला मनापासून वाईट वाटतं. तपासणी नसती तर गडावर काय दिसलं असतं ह्याची कल्पना करा.

चढायला किती वेळ लागतो? वाट कशी आहे?

सवय असेल तर सव्वा तास, नसेल तर दोन. सुरुवातीला जंगलातली रुंद, सावलीची वाट आहे. मग चढ सुरू होतो. दगड-मुळांचा, दमवणारा, पण भीती वाटावी असा नाही. पुढे डोंगराची सोंड लागते आणि झाडी विरळ होते. तिथे पहिल्यांदा वारा लागतो आणि सुळका एकदम डोक्यावर आल्यासारखा दिसतो. गडाखाली कर्णाई देवीचं ठाणं आहे. तिथे टेकायचं, पाणी प्यायचं आणि मग कातळातल्या पायऱ्यांनी दरवाजाकडे निघायचं. हा शेवटचा टप्पा छोटाच आहे, पण पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि एका वेळी एकानंच जावं अशा. वरून कुणी उतरत असेल तर त्याला आधी येऊ द्या.

अभयारण्यात हरियाल, मोरटाका अशा नावांच्या निसर्गवाटाही आहेत. त्या पक्षी पाहणाऱ्यांसाठी. गडाची वाट विचारून घ्या, नाहीतर सकाळ हरियालवरच जाते. तशी गेली तरी काही वाया जात नाही म्हणा.

आई-बाबांना आणि लहान मुलांना जमेल का?

सहा-सात वर्षांची मुलं चढतात, मोठ्यांपेक्षा भराभर चढतात. अडचण उतरताना येते, पाय लटपटतात आणि कंटाळा येतो. गुडघे दुखणाऱ्यांना मी सोंडेपर्यंतच नेतो. माझ्या मावशीनं बासष्टाव्या वर्षी पहिला दरवाजा गाठला आणि “आता पुढे नको रे, इथूनच छान दिसतंय,” म्हणून उंबऱ्यावर बसली. आम्ही वर जाऊन येईपर्यंत तिनं तिथे एकटीनं अर्धा तास काढला. परतताना आम्हाला सुळक्यावरच्या घारींच्या फेऱ्या तिनं दाखवल्या, आमचं लक्षच गेलं नव्हतं. सगळ्यांनी माथा गाठलाच पाहिजे असा हट्ट धरू नका.

चपला नकोत. सँडलही नकोत. जुने पण पकड असलेले बूट चालतात.

पावसाळ्यात जावं का?

खालच्या जंगलात जा, गडावर नको. माझं हे मत ऐकून तरुण मंडळी नाराज होतात, कारण ढगातला सुळका सुंदर दिसतो हे खरंच आहे. पण कातळावर शेवाळ धरतं, पायऱ्यांवरून पाणी वाहतं, आणि धुक्यात कडा कुठे संपतो ते दिसत नाही. आमच्या ह्या पट्ट्यात डोंगर पावसात काय करू शकतो ते १९ जुलै २०२३ च्या रात्री, दरड कोसळली तेव्हा, इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीनं पाहिलं. कर्नाळ्यावरून इर्शाळगड समोर दिसतो. तिथे बोट दाखवताना अजूनही आवाज खाली येतो.

गडासाठी उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दहानंतर कातळ तापतो.

मधमाश्यांचं एवढं काय आहे?

सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळं आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. खालून पाहिलं की काळपट अर्धवर्तुळाकार पडदे लटकल्यासारखे दिसतात. सुळक्याच्या पायथ्याशी शांत उभं राहिलं तर त्यांची गुणगुण ऐकू येते. पहिल्यांदा आलेल्यांना ती दूरच्या जनरेटरसारखी वाटते.

आग्या माशी आपल्या साध्या मधमाशीहून मोठी असते आणि पोळं उघड्यावर बांधते. कपाटात किंवा ढोलीत लपलेलं नसतं, म्हणून राखण सगळ्या माश्यांनी मिळून करायची. धोका वाटला की पोळ्यावर बसलेल्या माश्या एकामागोमाग एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून चमकती लाट धावल्यासारखी दिसते. ही लाट म्हणजे इशारा. लाट दिसली की तिथून हलायचं, आणि मोबाइल काढायचा नाही. एक माशी चावली की तिच्या डंखातून एक वास सुटतो, तो वास बाकीच्यांना तिथेच बोलावतो. म्हणून पहिला डंख बसल्यावर तिथेच उभं राहून हात झटकणं हे सगळ्यात वाईट.

एका रविवारी आम्ही सुळक्याखालच्या पाण्याच्या टाक्यांजवळ डबे उघडून बसलो होतो. दुसऱ्या एका गटातल्या मुलानं सुळक्याला टेकून सिगारेट पेटवली. मी त्याला सांगायला उठलो तेवढ्यात वरच्या पोळ्यावरून लाट गेली, मग दुसरी. आम्ही डबे तिथेच सोडले आणि ओढण्या-टॉवेल डोक्यावरून घेऊन, धावता न धावता दरवाजापर्यंत उतरलो. माझ्या भाचीच्या केसांत एक अडकली होती. तिच्या भिवईपाशी डंख बसला आणि संध्याकाळपर्यंत डोळा मिटला. त्या मुलाला दहा-बारा ठिकाणी चावल्या. तो वाचला तो त्याच्या मित्रांनी त्याला ओढत खाली झाडीत नेलं म्हणून. डबे आम्ही तासाभरानं, माश्या शांत झाल्यावर, एकेकटे जाऊन आणले.

त्यामुळे माझे नियम कडक आहेत आणि सोबत येणाऱ्यांना ते आदल्या दिवशीच कळवतो. अत्तर, सेंट, सुगंधी तेल लावून यायचं नाही. गडावर विडी-सिगारेट, उदबत्ती, चूल, काहीही पेटवायचं नाही. आरोळ्या, शिट्ट्या, स्पीकर नाही. दगड मारणं तर दूरच. प्रत्येकाकडे डोकं-चेहरा झाकेल एवढं मोठं सुती कापड हवं.

माश्या अंगावर आल्याच तर तोंड झाका, मोहोळापासून लांब आणि झाडीच्या दिशेनं उतरा. पण लक्षात ठेवा, वर दोन्ही बाजूंना कडा आहे. आंधळेपणानं पळालात तर माशीपेक्षा पाय घसरणं महाग पडेल. टाक्यात उडी मारू नका. पाणी खोल आहे, आणि डोकं वर काढलं की माश्या तिथेच असतात. सुरक्षित जागी पोहोचल्यावर काटे लगेच काढा, कसेही काढा पण लवकर काढा. श्वास लागत असेल, ओठ-जीभ सुजत असेल, चक्कर येत असेल किंवा डंख खूप असतील तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि पनवेलचं हॉस्पिटल गाठा. ज्यांना आधी कधी माशीच्या डंखानं त्रास झालाय त्यांनी माथ्यावर येऊच नये. जंगल खालीही तितकंच सुरेख आहे.

सुळक्याखाली टाकी कसली आहेत?

सुळक्याच्या पोटात ओळीनं खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारं आहेत. ज्या खडकाचा मनोरा, त्याच्याच मुळाशी पाणी, म्हणजे गडावर अडकलेल्या शिबंदीची सगळी भिस्त ह्या एका दगडावर. उन्हातून येऊन टाक्याच्या तोंडाशी बसलात की आतून गार हवा अंगावर येते. हलक्या आवाजात बोललं तरी आवाज घुमतो. पाणी पिऊ नका, घरून माणशी दोन लिटर आणा.

वरून नेमकं काय काय दिसतं?

पाऊस नुकता संपलेला असावा, रात्री वारा सुटलेला असावा आणि तुम्ही आठाच्या आत वर असावं. मग उत्तरेला पनवेल आणि त्यामागे मलंगगडाचे दात दिसतात. त्यांच्या उजवीकडे माथेरानचा लांब सपाट माथा, त्याच्या पुढ्यात प्रबळगडाची भिंत आणि पुढे इर्शाळगडाची टोकं. आपल्या नळाला येणारं पाणी ज्या मोरबे धरणातलं, ते त्याच इर्शाळच्या पायथ्याशी आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. पूर्वेकडे माणिकगड, खाली आपट्याच्या बाजूला पाताळगंगेचं वळण. दक्षिणेला पेणचा सखल भाग. पश्चिमेला उरणची बाजू, खाडीचं चकाकतं पाणी, आणि हवा खरोखर साफ असली तर त्यापलीकडे मुंबई.

डिसेंबरात दहानंतर हे सगळं करड्या धुरकटात बुडतं. उशिरा जाणारे “काही दिसलं नाही,” म्हणत परततात, त्यात गडाचा काय दोष.

दुर्बीण न्यावी का?

न्यावीच. पण डोंगर पाहायला नव्हे, पक्षी पाहायला. कर्नाळा १९६८ मध्ये अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. क्षेत्र जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण पक्ष्यांच्या दीडशेहून जास्त जाती इथे नोंदल्या गेल्यात. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुलले की एका झाडाखाली बसून राहावं, भृंगराज, कोतवाल, मैना सगळे तिथेच येतात. स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी झाडीतून फितीसारखी सरकली की शेजारच्याला कोपरानं ढोसायचं, बोलायचं नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला शीळकरी कस्तुर गाऊ लागतो. माणूसच शीळ घालतोय असं वाटून मी एकदा मागे वळून पाहिलं होतं.

आणि तिबोटी खंड्या. रायगड जिल्ह्याचा पक्षी. चिमणीएवढा जीव, अंगावर जांभळा, नारिंगी, निळा, पिवळा. पावसाच्या तोंडावर येतो आणि ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. त्याच्या बिळापाशी कॅमेरे लावून गर्दी करू नका. तो रात्रीचा प्रवास करतो, म्हणून जूनच्या आसपास नवी मुंबईतल्या इमारतींच्या काचांवर आपटून पडलेला सापडतो. तुमच्या बाल्कनीत असा इवलासा रंगीत पक्षी पडलेला दिसला तर पाणी पाजायला जाऊ नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवा.

गडावर मुक्काम करता येतो का? ड्रोन?

दोन्ही नाही.

खायची सोय काय?

गेटच्या आसपास घरगुती जेवण मिळतं. चढण्याआधी सांगून ठेवलं तर उतरेपर्यंत तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा तयार असतो. वर नेण्यासाठी कोरडा खाऊ पुरे. माकडांपुढे पिशवी उघडू नका आणि त्यांना काही देऊ नका. आपण दिलेल्या एका केळ्याची किंमत पुढच्या माणसाला ओरखड्यांनी मोजावी लागते.

येताना वाटेत आणखी काही पाहण्यासारखं?

शिरढोण. हायवेलगतचंच गाव, पनवेलकडे परतताना लागतं. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म इथे ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. गावात त्यांचं स्मारक आहे. गडावरून उतरलेल्या मुलांना मी तिथे नेतो आणि मागे वळून सुळका दाखवतो. एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये मरण आलेल्या माणसानं लहानपणी हाच अंगठा रोज पाहिला असणार, एवढंच त्यांना सांगतो. मग पुढच्या टपरीवर उसाचा रस घेऊन आम्ही घरी निघतो.